फिल्टरची टेस्ट पास, साइटवर मात्र भलतीच यादी: जँगोच्या कस्टम फिल्टरचं समस्या निवारण

रत्नागिरी ते मालवण या पट्ट्यातल्या छोट्या छोट्या साइट माझ्याकडे देखभालीला असतात. आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरी, तारकर्लीकडच्या होमस्टेचं बुकिंग, मच्छीमार सोसायटीची आवक-नोंद. धंदे वेगळे, पण फोन सारखाच येतो: "अहो, पायरी मागितली तर हापूसपण दाखवतंय." आणि कोड लिहिणाऱ्याला विचारलं की उत्तरही सारखंच: "पण टेस्ट तर सगळ्या पास आहेत!"

हे सगळं काम जँगोवर, म्हणजे पायथॉन भाषेतल्या वेबसाइट बनवण्याच्या फ्रेमवर्कवर आहे. कस्टम फिल्टर म्हणजे इथे तीन गोष्टी धरल्या आहेत: मॅनेजरवर (टेबलातून रेकॉर्ड मागणाऱ्या भागावर) लिहिलेली मेथड, जँगो-फिल्टर पॅकेजच्या फिल्टरसेटमधली मेथड, आणि स्वतः एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा) तयार करणारा कस्टम लुकअप, म्हणजे तुलनेचा स्वतः लिहिलेला प्रकार. दुसरं फ्रेमवर्क वापरत असाल तरी यातलं बरंचसं लागू पडेल, फक्त नावं बदलतील.

लक्षणं

- टेस्ट पास, पण साइटवर फिल्टर लावला तरी अख्खी यादी येते.
- लॅपटॉपवर पास, सर्व्हरवर फेल.
- टेस्ट एकटी चालवली की पास, सगळ्यांबरोबर फेल. कधी याच्या उलट.
- दिवसभर पास, मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत फेल.
- "झालेल्या" आणि "न झालेल्या" नोंदींची बेरीज एकूण नोंदींइतकी भरत नाही.
- एकच ऑर्डर यादीत दोनदा.
- नाव स्क्रीनवर दिसतंय, पण शोधलं की निकाल शून्य.

शेवटचं लक्षण असेल तर थेट देवनागरीच्या भागाकडे जा. बाकीच्यांनी क्रमाने या. पहिल्या दोन-तीन तपासण्यांना पैसा लागत नाही, वेळही फारसा लागत नाही, आणि बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात.

आधी टेस्ट फेल होते का ते बघा

फिल्टरच्या फंक्शनमधलं सगळं तात्पुरतं काढा आणि हातात आलेला क्वेरीसेट (डेटाबेसकडची रेकॉर्डची मागणी) जसाच्या तसा परत करा. म्हणजे फिल्टर नावापुरता उरला. आता टेस्ट चालवा. अजूनही पास होत असेल तर ती टेस्ट काहीच तपासत नव्हती, आणि पुढचं काही वाचण्याआधी तीच दुरुस्त करायची आहे.

असं का होतं? टेस्ट लिहिताना माणूस पायरीच्या दोन ऑर्डरी तयार करतो, पायरी मागतो, दोन मिळाल्या की खूश. टेस्टच्या डेटाबेसमध्ये दुसरं काही नसतंच, त्यामुळे फिल्टर चालला काय आणि न चालला काय, उत्तर दोनच. चाळण तपासायची तर तांदळात खडे घालावे लागतात.

म्हणून प्रत्येक फिल्टरच्या टेस्टमध्ये माझ्याकडे किमान चार प्रकारचे रेकॉर्ड असतात: यायलाच हवा असा, अजिबात यायला नको असा, बरोबर सीमेवरचा, आणि एकच अट मोडणारा. हा चौथा लोक विसरतात. "पायरी, ५ डझनी, पैसे जमा" असा फिल्टर असेल तर नको असलेला रेकॉर्ड म्हणून "हापूस, ४ डझनी, पैसे बाकी" ठेवून भागत नाही. तीनपैकी दोन अटी कोडमधून गळाल्या तरी तिसरी त्याला अडवते आणि टेस्ट पास. पायरी आणि ५ डझनी आहे, फक्त पैसे बाकी आहेत, अशी ऑर्डर हवी. तसंच इतर दोन अटींचं.

मोजणीवरही विसंबू नका. "दोन आले" एवढं पुरत नाही, कोणते दोन आले ते तपासा. एक चुकीचा आला आणि एक बरोबर असलेला गळाला तरी बेरीज दोनच राहते.

फिल्टर रिकामा करूनही टेस्ट पास झाली की मी पुढची कारणं याच क्रमाने बघतो.

पॅरामीटरचं स्पेलिंग. फिल्टरसेटला माहीत नसलेलं पॅरामीटर तो गुपचूप सोडून देतो, एरर देत नाही. टेस्टमध्ये "जात" पाठवलंय आणि फिल्टरचं नाव "आंबा_जात" आहे, तर पूर्ण यादी येते. टेस्टमध्ये नको असलेला रेकॉर्ड नसेल तर हे कधीच कळत नाही.

परत आलेला क्वेरीसेट धरून न ठेवणं. फिल्टर लावल्याने जुना क्वेरीसेट बदलत नाही, नवा तयार होतो. फिल्टर लावला, पण तो कुठल्याच व्हेरिएबलमध्ये ठेवला नाही आणि खाली जुनाच परत केला. कोड वाचताना ही ओळ नजरेतून सहज सुटते, कारण फिल्टर तर समोर लिहिलेला दिसत असतो.

क्वेरी चाललीच नाही. क्वेरीसेट आळशी असतो. त्यातले रेकॉर्ड मागेपर्यंत डेटाबेसकडे काही जात नाही. निकाल "नन", म्हणजे पायथॉनचं "काही नाही", तर नाही ना, एवढंच टेस्टने तपासलं तर एसक्यूएल कितीही मोडकं असलं तरी ती पास होते. निकालाची लिस्ट करा, मग तपासा.

आणि शून्य. कस्टम मेथडच्या सुरुवातीला "व्हॅल्यू नसेल तर क्वेरीसेट तसाच परत" ही ओळ बहुतेकांच्या सवयीची. पायथॉनच्या लेखी शून्य आणि फॉल्स हेही "नसलेले"च. "बाकी रक्कम ०" किंवा "पैसे भरले: नाही" असं मागितलं की फिल्टर लागतच नाही. व्हॅल्यू नन आहे की रिकामी स्ट्रिंग आहे, हे नेमकं विचारा. फिल्टर घेतो त्या प्रकारात शून्य किंवा फॉल्स बसत असेल तर त्याची एक टेस्ट हवीच.

मागे राहिलेला टेस्ट डेटाबेस

जूनमध्ये पाऊस लागला की आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. डेस्कटॉपवर टेस्ट चालू असताना लाइट गेली की पोस्टग्रेस या डेटाबेस-सर्व्हरमधला टेस्ट डेटाबेस तसाच राहतो. पुढच्या वेळी जँगो "हा डेटाबेस आधीच आहे, पुसू का" असं विचारतो, तेव्हा हो म्हणा आणि विषय संपला. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर हा प्रश्न सहसा येत नाही, कारण त्याचा टेस्ट डेटाबेस मेमरीत असतो.

पण वेळ वाचावा म्हणून कीप-डीबी हा पर्याय लावून ठेवला असेल तर जँगो विचारत नाही, जुनाच डेटाबेस वापरतो. साधा टेस्टकेस क्लास प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये (शेवटी परत फिरवता येणाऱ्या बदलांच्या गठ्ठ्यात) गुंडाळतो, त्यामुळे मध्येच बंद पडला तरी मागे काही उरत नाही. ट्रान्झॅक्शन-टेस्टकेस मात्र खरोखर कमिट करतो, म्हणजे बदल कायम करतो, आणि टेस्ट संपल्यावर टेबलं साफ करतो. साफ करण्याआधीच प्रोसेस मेली की रेकॉर्ड मागे राहतात. पुढच्या फेरीत तुमच्या फिल्टरला दोनाऐवजी पाच ऑर्डरी सापडतात आणि तुम्ही फिल्टरमध्ये चूक शोधत बसता. कीप-डीबी काढून एकदा चालवून बघा.

क्वेरी वाचा

टेस्ट चालवताना डीबग-एसक्यूएल हा पर्याय लावला की फेल झालेल्या टेस्टच्या क्वेरी छापून येतात. टेस्ट पास होत असेल पण संशय असेल, तर क्वेरी पकडणारा कॉन्टेक्स्ट वापरून प्रत्यक्ष गेलेलं एसक्यूएल बघा. क्वेरीसेटची क्वेरी नुसती प्रिंट केली तर येणारा मजकूर नजर टाकण्यापुरता ठीक आहे. त्यात व्हॅल्यूंभोवती अवतरणं नसतात, त्यामुळे तो उचलून डेटाबेसमध्ये चालवू नका, आणि त्या मजकुराशी तुलना करणारी टेस्ट तर लिहूच नका. जँगोची आवृत्ती बदलली की ती उगाच फेल होईल.

बघायचं काय? तुमची अट "व्हेअर"मध्ये, म्हणजे एसक्यूएलच्या अटींच्या भागात, आहे का, जॉइन (टेबलं एकमेकांना जोडणं) किती झाले आणि एकाच टेबलाचा जॉइन दोनदा झालाय का.

हा दुहेरी जॉइन नीट समजून घ्या, कारण आंब्याच्या साइटवर सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. एका ऑर्डरीत अनेक पेट्या असतात. "पायरीची ५ डझनी पेटी असलेल्या ऑर्डरी" हव्या आहेत. जात आणि डझन या दोन्ही अटी एकाच फिल्टर कॉलमध्ये दिल्या तर जँगो एकच पेटी दोन्ही अटींत बसते का ते बघतो. त्याच अटी दोन वेगळ्या फिल्टर कॉलमध्ये साखळीने लावल्या तर अर्थ बदलतो: ऑर्डरीत कुठलीतरी पेटी पायरीची असावी आणि कुठलीतरी पेटी ५ डझनी असावी. मग हापूसची ५ डझनी आणि पायरीची ४ डझनी असलेली ऑर्डरही यादीत येते. वर तो फोन आलेला बागायतदार नेमका हेच बघत होता.

फिल्टरसेटमध्ये प्रत्येक फिल्टर वेगवेगळा लागतो, म्हणजे साखळी आपोआपच होते. त्यामुळे मॅनेजरची मेथड बरोबर, तिची टेस्ट बरोबर, आणि तरी साइटवरची यादी चूक, असं घडू शकतं. टेस्टच्या डेटामध्ये वर सांगितलेली मिश्र ऑर्डर घाला. ती यादीत आली तर दोन्ही अटी एकत्र घेणारी एकच मेथड लिहा, किंवा पेट्यांवर सबक्वेरी (क्वेरीच्या आतली वेगळी क्वेरी) करून "अशी पेटी आहे का" असं विचारा.

एकच ऑर्डर दोनदा येण्याचं कारणही हेच जॉइन. दोन पेट्या अटीत बसल्या की ऑर्डरीच्या दोन ओळी होतात. डिस्टिंक्ट (सारख्या ओळी एकदाच) लावून सुटतं, पण पुढे कुणी बेरीज किंवा काउंट लावणार असेल तर मी सबक्वेरीच पसंत करतो. डिस्टिंक्ट लावलेल्या क्वेरीवर नंतर आलेला माणूस सॉर्टिंगसाठी जोडलेल्या टेबलाचा कॉलम घालतो आणि डुप्लिकेट परत येतात.

सीमा

रेंज लुकअप दोन्ही टोकं धरतो. वजन २५० ते ३०० ग्रॅम म्हटलं की २५० आणि ३०० दोन्ही आत. पुढची प्रतवारी ३०० पासून सुरू होत असेल तर ३०० ग्रॅमचं फळ दोन्हीकडे दिसेल. टेस्टमध्ये २४९, २५०, ३०० आणि ३०१ ठेवा.

तारखांचं जरा फसवं आहे. कॉलम तारीख-वेळेचा असेल आणि रेंजला नुसत्या तारखा दिल्या, तर शेवटची तारीख म्हणजे त्या दिवसाची मध्यरात्रीची सुरुवात. १ ते ३० एप्रिल मागितलं तर ३० तारखेच्या दिवसभरातल्या ऑर्डरी गेल्याच. २०२५ मध्ये अक्षय्य तृतीया ३० एप्रिललाच होती. आंब्याच्या मागणीचा एवढा मोठा दिवस महिन्याच्या अहवालातून गळाला तर बागायतदार काय बोलेल ते सांगायला नको. शेवटची तारीख "पुढच्या दिवसापेक्षा कमी" अशी लिहा आणि टेस्टमध्ये शेवटच्या दिवशी संध्याकाळी सातची ऑर्डर ठेवा.

होमस्टेच्या बुकिंगमध्ये अट आच्छादनाची असते. जुन्याची सुरुवात नव्याच्या शेवटाआधी, आणि जुन्याचा शेवट नव्याच्या सुरुवातीनंतर. दोन्हीकडे निव्वळ "लहान" आणि "मोठा", बरोबरीचं चिन्ह नको. १२ तारखेला सकाळी एक कुटुंब खोली सोडतं, दुपारी दुसरं येतं, हे बुकिंग चालायलाच हवं. टेस्टमध्ये टोकाला टोक लागलेलं, पूर्ण आत बसलेलं, पूर्ण झाकणारं आणि हुबेहूब त्याच तारखांचं, असे चारही प्रकार घ्या.

कोरे रकाने

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतर जुन्या साइटवर "जीआय नोंदणी" असा कॉलम वाढवला गेला आणि आधीच्या बागायतदारांच्या रेकॉर्डमध्ये तो नल, म्हणजे कोरा, राहिला. आता "नोंदणी झालेली नाही" असा फिल्टर लावला तर ही मंडळी कुठेच दिसत नाहीत.

कारण एसक्यूएलमध्ये नलची तुलना कशाशीही केली तरी उत्तर "खरं" येत नाही. जँगोचा एक्स्क्लूड (वगळणारा फिल्टर) हे सांभाळून घेतो आणि नल असलेले रेकॉर्डही देतो. पण लोक हौसेने "बरोबर नाही" असा कस्टम लुकअप लिहितात, जँगोच्या माहितीपत्रात उदाहरण म्हणून तोच आहे. त्याचं एसक्यूएल साधं असमानतेचं असतं, म्हणून नल असलेले रेकॉर्ड गळतात. दोन्ही दिसायला सारखे, निकाल वेगळे.

टेस्ट सोपी आहे: फिल्टरचा निकाल आणि त्याच्या उलट फिल्टरचा निकाल एकत्र केला की सगळे रेकॉर्ड आले पाहिजेत, आणि एकही दोन्हीकडे नको. डेटामध्ये एक नल आणि एक रिकामी स्ट्रिंग असलेला रेकॉर्ड हवाच. नल कुठल्या बाजूला मोजायचा हा मात्र कोडचा प्रश्न नाही, धंद्याचा आहे. मालकाला विचारा.

क्रम आणि आयडी

हे पटकन सांगतो. ऑर्डर-बाय नसेल तर पोस्टग्रेस कुठल्याही क्रमाने रेकॉर्ड देऊ शकतो. क्रम महत्त्वाचा नसेल तर तुलना करताना तसं सांगा. त्यासाठीच्या असर्ट मेथडचं स्पेलिंग जँगो ४.२ मध्ये बदललं आणि जुनं ५.१ मध्ये काढून टाकलं, त्यामुळे अपग्रेडनंतर टेस्ट फेल झाल्या असतील तर आधी तेवढंच बघा. क्रम महत्त्वाचा असेल तर नल कुठे येतात ते तपासा: चढत्या क्रमात पोस्टग्रेस नल शेवटी ठेवतो, एसक्यूलाइट सुरुवातीला.

टेस्टमध्ये आयडी १ असं गृहीत धरू नका. रोलबॅक झाला तरी पोस्टग्रेसचा सीक्वेन्स मागे येत नाही. "एकटी पास, सगळ्यांबरोबर फेल" यातल्या बऱ्याच टेस्ट यानेच अडतात.

पहाटेची आवक

यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. त्यामुळे सोसायटीच्या आवक-नोंदीतली तारखेची चूक दोन महिने झाकलेली राहते आणि ऑगस्टमध्ये बोटी लागल्या की तक्रार येते: आज पहाटेची आवक कालच्या खात्यात.

मिरकरवाड्याला पहाटे सव्वाचारला बोट लागली. टाइमझोनची सोय चालू असेल तर जँगो ही वेळ यूटीसीमध्ये (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत) ठेवतो, म्हणजे आदल्या रात्रीचे पावणेअकरा. जँगोचा डेट लुकअप चालू टाइमझोनमध्ये रूपांतर करून मगच तारीख काढतो, तो बरोबर उत्तर देतो. हाताने लिहिलेल्या लुकअपमध्ये मात्र कॉलमला थेट तारखेत बदललेलं असतं. अशा वेळी पोस्टग्रेस कनेक्शनचा टाइमझोन वापरतो, आणि जँगो तो यूटीसी ठेवतो. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या पट्ट्यातली प्रत्येक नोंद एक दिवस मागे जाते.

टेस्टही त्याच पट्ट्यात फेल होत असेल तर दोष बहुधा टेस्टचाच. "आत्ताची वेळ" घेऊन तिची तारीख काढली तर ती यूटीसीची तारीख असते. टाइमझोन मॉड्यूलमधलं लोकल-डेट वापरा. त्याहून बरं म्हणजे टेस्टमध्ये "आज" हा शब्दच नको. ठरावीक दिवशीची पहाटे सव्वाचारची आणि रात्री पावणेबाराची अशा दोन नोंदी एशिया/कोलकाता टाइमझोनसकट तयार करा. नुसती दुपारी बाराची नोंद ठेवलीत तर दोन्ही टाइमझोनमध्ये तारीख तीच येते आणि चूक लपते.

नवा प्रोजेक्ट असेल तर जँगो ५.० पासून टाइमझोनची सोय मुळातच चालू असते. जुना प्रोजेक्ट वर आणताना सेटिंगमध्ये काय लिहिलंय ते आधी बघा.

देवनागरी

"पऱ्याकडची बाग" असं एका बागेचं नाव. स्क्रीनवर दिसतंय, शोधल्यावर मिळत नाही. ही तपासणी इंग्रजी मार्गदर्शकांमध्ये सापडणार नाही, पण आपल्याकडे ती रोजची आहे.

"ऱ्या" हे अक्षर संगणकात निदान तीन तऱ्हांनी साठवलं जातं. एक, थेट ऱ हा कोड. दोन, साधा र आणि त्यावर वेगळा नुक्ता. तीन, साधा र, हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. डोळ्यांना पऱ्या आणि पर्‍या सारखेच, डेटाबेसला दोन वेगळे शब्द. फोनचा कीबोर्ड एक पाठवतो, ऑफिसातला जुना कीबोर्ड दुसरं. "ॲडव्हान्स"मधल्या ॲचंही तसंच: एकसंध कोड वेगळा, अ वर चंद्र देऊन केलेला वेगळा.

पायथॉनच्या युनिकोड-डेटा मॉड्यूलमधलं एनएफसी (एकाच अक्षराच्या वेगळ्या साठवणी एक करणारं) रूप वापरलं की पहिल्या दोन तऱ्हा एक होतात. तिसरी होत नाही, कारण जॉइनर हा युनिकोडच्या दृष्टीने वेगळाच प्रकार आहे. ॲचे दोन प्रकारही एनएफसीने एक होत नाहीत. म्हणून एक छोटं फंक्शन लिहा: आधी "र, हलन्त, जॉइनर" याच्या जागी "ऱ, हलन्त", अ आणि चंद्राच्या जागी ॲ, मग एनएफसी. जॉइनर सरसकट काढून टाकू नका. तो काढला की पर्‍या चा "पर्या" होतो, आणि तो वेगळा शब्द झाला.

हे फंक्शन साठवताना आणि शोधताना, दोन्ही ठिकाणी लागलं पाहिजे. एकाच ठिकाणी लावलं तर जुळणारे शब्दही जुळेनासे होतात. टेस्टमध्ये हे शब्द कीबोर्डने टाइप करू नका, कारण एडिटर काय साठवतो ते दिसत नाही. कोडपॉइंट लिहून शब्द तयार करा आणि तिन्ही रूपांनी शोधून तीच बाग मिळते का बघा.

आकड्यांचीही एक गंमत. पायथॉनचा इंट देवनागरी ५ आणि इंग्रजी अंकातला पाच, दोन्ही मुकाट्याने घेतो. त्यामुळे संख्येच्या कॉलममध्ये अडचण येत नाही. तोच आकडा "५ डझनी" असा मजकुराच्या कॉलममध्ये असेल तर जुळत नाही.

टेस्ट खऱ्या डेटाबेसवर चालवा

इथून पुढे थोडा खटाटोप आहे. लॅपटॉपवर एसक्यूलाइट आणि सर्व्हरवर पोस्टग्रेस असेल तर कस्टम फिल्टरच्या टेस्ट एसक्यूलाइटवर पास होण्याला माझ्या लेखी फार किंमत नाही. साध्या फिल्टरला चालेल, स्वतः एसक्यूएल लिहिलंय तिथे नाही. एसक्यूलाइट मजकुराची लांबी अडवत नाही, पोस्टग्रेस एरर देतो. एसक्यूलाइटमध्ये खरा डेसिमल प्रकार नाही, त्यामुळे पैशांच्या बरोबरीच्या तुलना भरवशाच्या नाहीत. रोमन अक्षरांत लिहिलेल्या नावांमध्ये कंटेन्स लुकअप एसक्यूलाइटवर लहान-मोठं अक्षर बघत नाही, पोस्टग्रेसवर बघतो. लॅपटॉपवर पोस्टग्रेस टाका, सर्व्हरवर जी मोठी आवृत्ती आहे तीच. डेटाबेसच्या जागी मॉक (नकली वस्तू) ठेवून फिल्टर तपासण्याचा तर विचारही नको. एसक्यूएल चाललंच नाही तर तपासलं काय?

तरीही "एकटी पास, सगळ्यांबरोबर फेल" चालूच असेल तर टेस्टचा क्रम बदलून बघा. रिव्हर्स पर्याय जुना आहे, शफल जँगो ४.० पासून आहे. शफल सीड (त्या क्रमाची खूण असलेला आकडा) छापतो, तोच सीड परत दिला की तोच क्रम मिळतो. एखाद्या टेस्टमध्ये लुकअप रजिस्टर करून तो काढला नसेल तर तो पुढच्या टेस्टमध्येही शिल्लक राहतो. मग ॲपच्या रेडी मेथडमध्ये रजिस्टर करायला कुणी विसरलं असलं तरी टेस्ट पास होतात, आणि सर्व्हरवर "असा लुकअप नाही" अशी एरर येते.

कस्टम लुकअपचं एसक्यूएल

सगळ्यात अवघड भाग. तीन गोष्टी बघा.

पॅरामीटर. लुकअपमध्ये डावी बाजू दोनदा वापरली असेल तर तिचे पॅरामीटरही दोनदा, त्याच क्रमाने द्यावे लागतात. साध्या कॉलमला डावीकडचे पॅरामीटर नसतातच, म्हणून ही चूक साध्या टेस्टमध्ये दिसत नाही. जेसन फील्डमधल्या की-वर किंवा ॲनोटेशनवर (क्वेरीतच काढलेल्या कॉलमवर) लुकअप लावला की पॅरामीटरची संख्या जुळत नाही. टेस्टमध्ये दोन्ही तऱ्हा घ्या.

टक्क्याचं चिन्ह. एसक्यूएलच्या मजकुरात टक्का लिहायचा तर दोनदा लिहावा लागतो. एसक्यूलाइटवर एकटा टक्का खपून जातो, पोस्टग्रेसवर एरर येते.

वापरणाऱ्याने टाइप केलेले टक्का आणि अंडरस्कोर. एसक्यूएलच्या लाइक तुलनेत टक्का म्हणजे काहीही, अंडरस्कोर म्हणजे कुठलंही एक अक्षर. जँगोचे स्वतःचे लुकअप हे निष्प्रभ करतात, तुमचा करतो का? "अ_१२" आणि "अक१२" अशा दोन पावत्या ठेवा आणि पहिली शोधा. दोन्ही आल्या तर करत नाही. व्हॅल्यू पॅरामीटर म्हणून न देता एसक्यूएलच्या मजकुरात चिकटवलेली दिसली तर मात्र बाकी सगळं सोडून आधी ते दुरुस्त करा. ते भगदाड आहे, बाहेरचा कुणीही त्यातून आत येईल.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

टेस्ट बरोबर, डेटाबेस तोच, क्वेरी बरोबर, आणि तरी सर्व्हरवर रेकॉर्ड सापडत नाही. पूर्ण यादीत तो दिसतो, नावाने शोधला की नाही. अलीकडे सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम बदलली आहे का विचारा. लिनक्सच्या जीलिबसी लायब्ररीत २०१८ च्या २.२८ आवृत्तीत मजकुराचा सॉर्टिंग क्रम बदलला. त्याआधीच्या सिस्टीमवरून, समजा उबुंटू १८.०४ वरून २०.०४ वर, डेटा तसाच उचलून नेला असेल तर मजकुरावरचे जुने इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीच्या सूच्या) नव्या क्रमाशी जुळत नाहीत. हे फिल्टरचं दुखणं नाही. चालू साइटवर स्वतः रीइंडेक्स करायला जाऊ नका. मधल्या काळात युनिक कॉलममध्ये डुप्लिकेट शिरलेले असू शकतात आणि मग रीइंडेक्स मध्येच अडतो. डेटाबेस सांभाळणारा माणूस बोलवा.

आधीच साठवलेल्या वेळा चुकीच्या टाइमझोनमध्ये गेल्या असतील तेव्हाही थांबा. काही नोंदी बरोबर आणि काही चूक असतील तर सगळ्यांना साडेपाच तास जोडून चालत नाही. आणि चुकीच्या फिल्टरने पैसे परत गेले असतील, किंवा एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्या ऑर्डरी दिसल्या असतील, तर तो फिल्टर साइटवरून ताबडतोब बंद करा आणि मालकाला सांगा. कोडची दुरुस्ती त्यानंतर.

जाणकाराला फोन करण्याआधी एवढं हाताशी ठेवा: प्रत्यक्ष गेलेलं एसक्यूएल, त्याचं एक्स्प्लेन (डेटाबेस ती क्वेरी कशी चालवतो ते), जँगो आणि पोस्टग्रेसच्या आवृत्त्या, ऑपरेटिंग सिस्टीम कधी बदलली ती तारीख, कालचा बॅकअप, आणि न सापडणाऱ्या एका रेकॉर्डचा आयडी.